सोळा ग्लास पाणी

काउंटरवर मोबाइल उताणा ठेवला जातो आणि आवाज येतो, "काका, हे द्या ना."

स्क्रीनवर एक डॉक्टर थांबलेला असतो. व्हिडिओ जिथे थांबवला तिथे त्याचं तोंड अर्धं उघडं राहिलेलं, एक बोट वर. गळ्यात स्टेथोस्कोप, मागे पुस्तकांचं कपाट, टेबलावर प्लास्टिकचं हृदय. खाली पिवळ्या ढबू अक्षरांत औषधाचं नाव. मी चष्मा कपाळावर सरकवतो, नाव वाचतो आणि विचारतो, "कोणासाठी?"

"घरीच लागते."

"डॉक्टरांनी सांगितलं का?"

"हे काय, सांगूनच तर राहिले ना ते," असं म्हणून ती बाई व्हिडिओ पुन्हा सुरू करते. अर्ध्या उघड्या तोंडातून उरलेलं वाक्य बाहेर पडतं. रांगेतले मागचे दोघंही माना पुढे काढून ऐकतात.

नागपुरात 'मेडिकल'चे दोन अर्थ होतात. ऑटोवाल्याला सांगितलं तर तो तुम्हाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या फाटकापाशी सोडतो. मेडिकल आणि मेयो ही आमच्याकडची दोन जुनी सरकारी इस्पितळं, आणि अर्धा विदर्भ तिथे येतो. घरातल्या पोराला सांगितलं तर तो चप्पल अडकवून कोपऱ्यावरच्या दुकानात येतो. मी दुसऱ्या अर्थाचा मेडिकलवाला. एकोणतीस वर्षं झाली. गंजीपेठेतल्या दवा बाजारातून माल आणायचा, फळीवर लावायचा, पत्ता कापून चार गोळ्या पाकिटात टाकायच्या आणि पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करायच्या.

आधी चिठ्ठी यायची. तिचं अक्षर लावणं ही आमची विद्या होती, आणि त्या विद्येचा मला गर्वही होता. पण चिठ्ठीवर, अक्षर कितीही गचाळ असो, वर एका कोपऱ्यात पेशंटचं नाव आणि त्यापुढे '५८/पु' किंवा '३४/स्त्री' असं काहीतरी असायचं. तेवढ्यावरून मला कळायचं की हे औषध कोणाच्या तरी पोटात जाणार आहे आणि तो कोणीतरी अंदाजे कसा आहे. मोबाइलमधल्या चिठ्ठीवर तो कोपराच नसतो.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही, हे आधीच सांगून टाकतो. "पाठीत चमक निघाली, काहीतरी द्या" म्हणत माणूस आला की मीही काहीतरी दिलेलं आहे. एक दुखण्याची, एक ॲसिडिटीची. लाल रेघेच्या पत्त्यावर 'नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये' असं छापलेलं असतं. ते वाचायला भिंग लागतं आणि ते भिंग आम्हा दुकानदारांकडे नेमकं नसतं. डॉक्टरची फी चारशे-पाचशे, वर अर्धा दिवस जातो, त्यामुळे लोक मला विचारतात. मोबाइल तर घरात बसून फुकट सांगतो, दोनदा ऐकवतो, खेकसत नाही. लोकांनी त्याच्याकडे जाऊ नये तर काय करावं? तेव्हा, व्हिडिओतल्या डॉक्टरांवर मी बोलायला लागलो की त्यात थोडी धंद्यातली असूयाही आहे असं समजून वाचा.

बोलणाऱ्या डॉक्टरांचं वेड आमच्या घरात मोबाइलच्या आधीपासूनचं आहे. त्याचं मूळ काटोलकडचं. डॉ. श्रीकांत जिचकार म्हणजे आमच्या बाबांच्या पिढीचा अचंबा. एम.डी. झालेला माणूस, पदव्यांची माळ, आयपीएस आणि आयएएस दोन्ही, आणि १९८० साली पंचविसाव्या वर्षी आमदार. ते २००४ मध्ये अपघातात गेले तेव्हा नागपुरात लोक घरचं माणूस गेल्यासारखे बोलत होते. जिचकार आहारावर बोलायचे आणि लोक ऐकायचे. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी त्यांचंच नाव घेऊन दोन वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर नेली. कडकडून भूक लागेल तेव्हाच जेवा, दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांत संपवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर उलट सांगायच्या, थोडंथोडं आणि वारंवार खा. त्या काळात लग्नाच्या पंगतीत 'दीक्षित की दिवेकर' यावर सोयरिकी मोडतील अशी भांडणं व्हायची. बाबांनी ते व्याख्यान मोबाइलवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोन वेळांवर आले. त्यांचं वजन तेव्हा चोपन्न किलो. पोट आत, शुगर नाही, काही नाही. आईने विचारलं, "तुम्हाले कमी काय करायचं हाये?" ते म्हणाले, "शास्त्र आहे ते." महिनाभराने बावन्न किलोवर आले. मग एका रविवारी आईने गोळाभात केला, वरून हिंग-मोहरीचं तेल ओतलं आणि संध्याकाळी पाचला ताट समोर आणून ठेवलं. शास्त्र तिथे संपलं.

हसण्यावारी नेलं आम्ही ते. तिथेच मी थोडं थांबायला हवं होतं.

२०२४ चा मे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायला दोन-चार दिवस होते, पण ऊन आधीच पोचलं होतं. दुपारी एकनंतर दुकानात चिटपाखरू येत नाही अशा दिवसांतली गोष्ट. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण हाताची सवय गेली नाही. ते रोज एक वही लिहितात. वहीला ते 'रोजकीर्द' म्हणतात. दूध किती आलं, लाइटचं बिल कधी भरलं, कोण भेटायला आलं, तब्येत कशी. लाल पेनने तारीख, निळ्याने मजकूर.

मार्चमध्ये त्यांचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी जुनी गोळी बदलून टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली दिली. दुसरं नाव ज्याचं, ती लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी गोळी; आमच्या भाषेत 'लघवीची गोळी'. चांगलं औषध आहे, स्वस्त आहे, मी रोज पाच-पंचवीस माणसांना देतो. बाबांनाही मीच दिली, खरेदीच्या दरात. पाकिटावर सकाळची खूण केली.

बीपी निघाल्यावर बाबांनी मोबाइलवर बीपी शोधलं असणार. एकदा शोधलं की मोबाइल ती गोष्ट विसरत नाही. ते दूध विचारायला गेले तरी तो बीपीच पुढे करतो. त्यातल्या एका डॉक्टरने सांगितलं, मीठ कमी करा. मे उजाडला तसं दुसऱ्या एका डॉक्टरने सांगितलं, उन्हाळा आहे, भरपूर पाणी प्या, तहान लागण्याची वाट पाहू नका, दिवसाला तीन-चार लिटर तरी जाऊ द्या. दोघं वेगवेगळ्या गावांचे. एकमेकांना कधी भेटले नसतील. त्यांची भेट झाली ती माझ्या बापाच्या पोटात.

बाबा अर्धवट काही करत नाहीत. 'कमी करा'चं त्यांनी 'बंद करा' केलं. वरणात मीठ नाही, भाजीत नाही, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. तऱ्हीपोहे बंद, हे नागपूरकराच्या बाबतीत जवळपास संन्यासच समजा. आणि पाण्याचे सोळा ग्लास. अडीचशे मिलिलिटरचा स्टीलचा ग्लास, सोळा वेळा, म्हणजे बरोबर चार लिटर. प्रत्येक ग्लासाला रोजकीर्दीत एक उभी रेघ, पाचवी आडवी.

दहाएक दिवसांनी त्यांची भूक गेली. मळमळ. कूलरपुढे पडून राहायचे. आई म्हणाली, ऊन लागलं. आमच्याकडे मेमध्ये माणूस पडला की दुसरं काही सुचतच नाही. उशाशी कांदा आला. कैरीचं पन्हं झालं. त्यातही त्यांनी मीठ घालू दिलं नाही, आणि ऊन लागलंय म्हणून आम्ही आग्रह करकरून आणखी पाणी पाजलं. मीही पाजलं. औषधांचा दुकानदार, शिकलेला माणूस, हातात ग्लास घेऊन बापाच्या मागे.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, "साहेब आले का?"

"कोणते साहेब, बाबा?"

"किल्ल्या त्यांच्याकडे आहेत कपाटाच्या," ते म्हणाले आणि उठायला गेले, तर तोल गेला.

मला वाटलं, लकवा. मी त्यांना हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितलं, एक वाक्य म्हणायला सांगितलं. चेहरा सरळ होता, हात सारखे उचलले गेले. ही तपासणी मी कुठे शिकलो होतो? मोबाइलवर, एका डॉक्टरच्याच व्हिडिओत. तेव्हा हे लक्षात आलं नाही, नंतर आलं.

धंतोलीत नेलं. धंतोलीत एका गल्लीत जितके दवाखाने आहेत तितकी एखाद्या तालुक्यात किराणा दुकानं नसतील. कॅज्युअल्टीत एक तरुण निवासी डॉक्टर होती, माझ्या मुलीच्या वयाची. बाबांचं सगळं तपासून ती माझ्याकडे वळली.

"आजोबा पाणी किती पितात?"

"भरपूर," मी म्हणालो. "चार लिटर, रोजचं. वहीत लिहून ठेवतात."

"आणि मीठ?"

"अजिबात नाही. एकदम बंद केलंय."

दोन्ही उत्तरं मी कौतुकाने दिली, हे मला अजून आठवतं आणि अजून कान तापतात. तिने लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

मी नावं सांगायला लागलो. दुसरं नाव तोंडातून बाहेर पडता पडता मलाच कळलं. एकोणतीस वर्षं त्या गोळीच्या खोक्यातलं बारीक अक्षरांचं पत्रक मी घडी न उलगडता खोक्यातच ठेवत आलो होतो, पण त्यात काय लिहिलंय हे मला डी.फार्म.ला असताना पाठ होतं.

रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ असायला हवं. बाबांचं ११४ आलं.

काय झालं होतं, ते सोपं करून सांगतो. लघवीची गोळी शरीरातलं मीठ बाहेर टाकत होती, आणि जास्तीचं पाणी वेगळं काढून टाकायची मूत्रपिंडाची ताकदही तिने कमी केली होती. म्हाताऱ्या, हडकुळ्या माणसात हे जास्त होतं. त्यावर वरून मीठ येणं बंद. आणि वरून पाणी मात्र सोळा ग्लास. पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी ओतत जातो तसं रक्त पातळ होत गेलं. पातळ रक्तातलं पाणी पेशींमध्ये शिरतं. बाकी शरीराला सुजायला जागा असते, मेंदूला कवटी आड येते. म्हणून साहेब आणि कपाटाच्या किल्ल्या.

आणि हे दुरुस्तही सावकाश करावं लागतं. तीन टक्क्यांचं खारं सलाइन, थेंब मोजून, दर काही तासांनी रक्त. चोवीस तासांत साधारण आठाच्या वर चढू द्यायचं नाही, कारण घाई केली तर मेंदूला कायमची इजा होते. पहिल्या दिवशी १२०, दुसऱ्या दिवशी १२७, तिसऱ्या दिवशी १३२. मी ते आकडे तळहातावर लिहून घेत होतो.

त्या पहिल्या रात्री आयसीयूच्या बाहेर लोखंडी खुर्चीवर बसून मी बाबांचा मोबाइल उघडला आणि मिठाचा व्हिडिओ पाहिला. तीनदा पाहिला. मला त्यात चूक हवी होती. एखादं ठोकून दिलेलं वाक्य, शेवटी कुठल्यातरी पावडरची जाहिरात, खोटी पदवी. डॉक्टरचं नाव घालून नोंदणी शोधली; निघाली. एम.डी. मेडिसिन, नीट शिकलेला, शांत बोलणारा माणूस. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, म्हणाला. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक चमचा, असं चमचा हातात धरून दाखवलं. 'बंद करा' तो एकदाही म्हणाला नव्हता. पाण्याच्या व्हिडिओतल्या बाईही बरोबर होत्या. उन्हात राबणाऱ्या माणसासाठी त्या बोलत होत्या, आणि बाबा दिवसभर कूलरपुढे बसून सोळा ग्लास पीत होते.

चूक सापडली असती तर बरं झालं असतं. मग मी लोकांना सांगत फिरलो असतो की मोबाइलवरचे डॉक्टर भोंदू असतात.

आता दुसरी बाजू, कारण ती मला माझ्याच फ्रिजने शिकवली. दुकानातल्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं रंगीत खोकी असायची, नावात ओआरएस. जुलाबाचं पोर घेऊन आई आली की मी ते काढून द्यायचो, स्ट्रॉसकट. मग हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचा व्हिडिओ बायकोने दाखवला. त्या सांगत होत्या की खऱ्या ओआरएसचं सूत्र ठरलेलं आहे: लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. आणि ही खोकी म्हणजे सरबत. साखर कित्येक पट, आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. मी फ्रिज उघडून खोक्यामागचं वाचलं. पहिल्यांदा वाचलं. त्या बाई कित्येक वर्षं एकट्या भांडत होत्या, कोर्टात आणि कॅमेऱ्यासमोर. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला की सूत्रात न बसणाऱ्या पेयावर ओआरएस ही अक्षरं छापायची नाहीत.

गंमत बघा, तिथेही गोष्ट मिठाची आणि पाण्याचीच. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपातून मीठ-साखर-पाणी वाटलं. दर शंभरातले तीसजण मरत होते तिथे चारही मरेनात. तेच मीठ, तेच पाणी. माणूस कोण आणि प्रमाण किती, एवढाच फरक.

समोर बसलेला डॉक्टर आपोआप भरवशाचा, असंही म्हणायची माझी छाती नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लहान लहान मुलं नागपूरच्या दवाखान्यांत येत होती, लघवी बंद झालेली. खोकल्याच्या सिरपमध्ये विषारी डायएथिलिन ग्लायकॉल निघालं, ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही तिथे ४८.६ टक्के. वीसहून जास्त मुलं गेली. त्यांच्या आयाबापांनी कुठला व्हिडिओ पाहिला नव्हता. पोराला ताप-खोकला म्हणून दवाखान्यात नेलं, चिठ्ठी घेतली, दुकानातून बाटली आणली. सगळं रीतसर. मी त्या आठवड्यात मुलांच्या सिरपची फळी रिकामी केली आणि रिकाम्या फळीकडे बघत बसलो. तो सिरप माझ्याकडे कधीच नव्हता, पण असता तर मीही दिलाच असता. पाच वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं सहसा देऊ नयेत, हे तेव्हा सरकारने पत्रक काढून सांगितलं. मोबाइलवरचे काही बालरोगतज्ज्ञ ते किती आधीपासून सांगत होते.

आम्ही नागपूरकर १८८१ पासून दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे एक मोठा पुतळा, गावाबाहेर नेऊन जाळतो आणि ओरडतो, इडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत. रोगराई जाते. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी तेवढीच असते.

खोट्यांबद्दल फार लिहीत नाही. डॉ. देवी शेट्टी, डॉ. नरेश त्रेहान या नावाजलेल्या हृदयशल्यचिकित्सकांचे चेहरे आणि आवाज चोरून बनवलेले व्हिडिओ लोकांनी मला काउंटरवर दाखवलेत. ओठ शब्दांच्या मागून धावत असतात, पण चष्म्याशिवाय कोणाला दिसतं ते. जो डॉक्टर व्हिडिओच्या शेवटी काही विकायला काढतो, मग ते तेल असो, पावडर असो की अमुक गोळी घरपोच, त्याच्याकडचं मी देत नाही. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांसाठी नियमावली काढली होती, तीत लाइक-फॉलोअर विकत घेऊ नका इथपर्यंत सगळं होतं. तीन आठवड्यांत ती स्थगित झाली. संपलं.

मला जास्त खटकलं ते दुसरंच. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या तोंडावर, सरकारने फोनवरून-व्हिडिओवरून पेशंट तपासण्याचे नियम केले. त्यात लिहिलंय की डॉक्टरने आधी पेशंटचं नाव आणि वय विचारून खात्री करावी, स्वतःचा नोंदणी क्रमांक द्यावा, आणि निदानाचा अंदाज केल्याशिवाय औषध लिहिणं हा गैरवर्तनाचा प्रकार आहे. म्हणजे एका माणसाला व्हिडिओवर सल्ला द्यायचा तर वय विचारायचं. दहा लाख माणसांना एकदम द्यायचा तर कोणाचं विचारणार? त्याला सल्ला म्हणत नाहीत, माहिती म्हणतात. पण माझ्या बापाला कुठे तो फरक माहीत? डॉक्टर डोळ्यांत बघून 'तुम्ही' म्हणतो. "तुम्ही मीठ कमी करा." चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला वाटतं, मलाच म्हणाला.

आमच्या भागातले एक फिजिशियन आहेत, अलीकडे तेही व्हिडिओ करतात. दवाखान्यात एका कोपऱ्यात गोल दिवा ठेवलाय. बाबा घरी आल्यावर महिनाभराने मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांच्या दवाखान्यात मी बसलेलो आहे. माणूस पेशंटला वीस प्रश्न विचारतो. रात्री लघवीला किती वेळा उठता, जिने चढता का, घरी स्वयंपाक कोण करतं, गोळ्या आणल्या का, पत्ते दाखवा. मी म्हटलं, "सर, व्हिडिओत तुम्ही यातला एकही प्रश्न विचारत नाही."

ते हसले. "दोन मिनिटांचा असतो हो तो. एकदा केला होता प्रयोग. मीठ कमी करण्याआधी स्वतःला हे चार प्रश्न विचारा, असा व्हिडिओ टाकला. कोणी पाहिलाच नाही. लोक पुढे सरकवतात. 'ही एक चूक करू नका' म्हटलं की थांबतात."

"मग?"

"मग काय. 'ही एक चूक करू नका' म्हणतो."

थोडा वेळ ते गप्प बसले. मग त्यांनी उलट मला विचारलं, "ती गोळी दिली तेव्हा वडिलांना तुम्ही काय विचारलं होतं?"

मी बरंच आठवून पाहिलं. मी म्हणालो होतो, "सकाळी एक." विचारलं काहीच नव्हतं. पहिले दोन आठवडे रक्त तपासायचं का, मीठ-पाणी किती, काही नाही. बाप होता म्हणून तर नाहीच. घरच्या माणसाचं सगळं आपल्याला माहीतच असतं ना. आणि ते रोज पाण्याच्या रेघा मारायचे ती वही जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटाशेजारी उघडी असायची.

बाबा आता शहात्तरचे आहेत. लघवीची गोळी काढली, सोडियम १३८, तऱ्हीपोहे महिन्यातून दोनदा. आईने 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून कुरिअरने मागवलेला पुडा धंतोलीच्या त्या डॉक्टर मुलीने उघडू दिला नव्हता. त्यात पोटॅशियम असतं, आणि बाबांची टेल्मिसार्टन चालूच आहे, तीही रक्तातलं पोटॅशियम वाढवते. तो पुडा अजून तसाच आहे, पण फेकायचा जीव कोणाला होत नाही.

मोबाइल सुटलेला नाही. मी सोडवायचा प्रयत्नही केला नाही. रोजकीर्दीत मात्र मागच्या पानांपासून त्यांनी एक नवीन खातं उघडलंय. रकाने आखलेत: तारीख, विषय, वक्ता, उत्तर. व्हिडिओ पाहिला की ते त्याखाली टाइप करतात, एका बोटाने, अर्धा-अर्धा तास. "मा. डॉक्टरसाहेब, सा. न. माझे वय ७६, वजन ५२ किलो. मूत्रपिंड ठीक. सोडियम एकदा ११४ झाले होते. आपण सांगितलेले मला लागू आहे काय? कळावे." मग रोज सकाळी ते उत्तर आलं का बघतात. आठ दिवस वाट पाहून चौथ्या रकान्यात लाल पेनने लिहितात, 'उ. ना.' उत्तर नाही. परवा मी मोजले, अकरा होते. बाराव्यासमोर रकाना कोरा.

"हे काय, ठेवलं का अजून?" मी विचारलं.

"आठ दिवस व्हायचे आहेत," ते म्हणाले. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तसं तुला माहीत असेल. गुडघ्यासाठी हळदीच्या गोळ्या घ्या म्हणतो तो. चांगल्या असतात ना रे?"

दुकानात त्या गोळ्यांची बाटली आहे, दुसऱ्या फळीवर, डावीकडे. "चांगल्या असतात, आणतो उद्या" हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलंसुद्धा.

"बाबा," मी म्हटलं, "आधी तुमचा गोळ्यांचा डबा आणा. आणि गुडघा दाखवा. कधीपासून दुखतो?"

त्यांनी पायजमा वर केला, आणि वहीतला बाराव्यासमोरचा कोरा रकाना बघून निळं पेन उघडलं.